ताप गेला, तवा तापलेलाच

पत्र: डॉक्टर, नमस्कार. मी 46 वर्षांची, पुण्यात धायरीला राहते. घरून पोळ्यांचे डबे देते, रोजच्या सव्वाशे-दीडशे पोळ्या होतात. गेल्या सप्टेंबरात चिकुनगुनिया झाला. ताप पाच दिवसांत उतरला, पण हातपाय धरले ते धरलेच. आता फेब्रुवारी उजाडला. सकाळी मूठ वळत नाही, दुधाची पिशवी कात्रीनंसुद्धा कापता येत नाही, पहिलं पाऊल टेकवताना टाचेतून कळ येते. दहा वाजले की जरा सैल होतं. रक्त तपासलं. आरए फॅक्टर निगेटिव्ह, सीआरपी नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, सगळं नॉर्मल आहे, वयाचं आहे, मन कशात तरी रमवा. मग मीच लॅबमध्ये जाऊन चिकुनगुनियाची टेस्ट परत केली, तर ती अजून पॉझिटिव्ह! सोसायटीतल्या एका बाईंना हे कळलं आणि त्यांनी डबा बंद केला. प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून गुळवेलीचा काढा दोन वेळा घेते, फरक नाही. नणंदेनं एका वैद्याच्या पुड्या आणून दिल्या, त्यांनी मात्र दुसऱ्याच दिवशी जादू झाली. सहा आठवडे घेते आहे. मध्ये दोन दिवस संपल्या होत्या तर दुखणं दुप्पट. घरचे म्हणतात, ताप जाऊन पाच महिने झाले, आता काय? विषाणू अजून अंगात आहे का? की खरंच माझ्या मनाचं आहे?
ता. क. वांगं, दही, हरभऱ्याची डाळ, चिंच सगळं बंद केलंय. अजून काय बंद करू?

उत्तर:

ताई, नमस्कार.

तुम्ही बरंच काही विचारलं आहे, पण मी सुरुवात करणार आहे तुम्ही जे विचारलं नाही त्यापासून. त्या पुड्यांपासून.

पुडी मी पाहिलेली नाही, तेव्हा तिच्यात काय आहे हे छातीठोकपणे सांगणार नाही. पण महिनोन्‌महिन्यांचं दुखणं एका रात्रीत पळवणारी, वर ना नाव ना गाव, आणि दोन दिवस चुकली की दुखणं दुपटीनं आणणारी पूड म्हटल्यावर कुठल्याही डॉक्टरच्या मनात पहिली शंका स्टेरॉइडची येते. गोळ्या कुटून भुकटीत मिसळणं हा जुना उद्योग आहे. स्टेरॉइड हे काही विष नाही, मीही लिहून देते. पण किती द्यायचं, किती दिवस द्यायचं आणि मुख्य म्हणजे उतरवायचं कसं, हे आधी ठरवून देते. पुडीत यातलं काहीच ठरलेलं नसतं. साखर चढते, बीपी चढतं, चेहरा गरगरीत दिसायला लागतो (आणि नातेवाईक म्हणतात, बघ कशी तब्येत सुधारली!), हाडं आतून विरळ होतात.

आता लगेच उठून त्या पुड्या कचऱ्यात टाकू नका. सहा आठवडे म्हणजे थोडेथोडके नाहीत. आपल्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन छोट्या ग्रंथी असतात, त्या शरीराला लागणारं स्टेरॉइड रोज घरच्या घरी बनवतात. बाहेरून आयतं मिळायला लागलं की त्या हात आखडता घेतात, आणि बाहेरचं एकदम थांबलं तर त्यांना पुन्हा कामाला लागायला वेळ लागतो. तेवढ्यात चक्कर, उलट्या, गळून जाणं, बीपी खाली येणं, काहीही होऊ शकतं. म्हणून एक-दोन दिवसांत फिजिशियनकडे जा, पुड्या सोबत न्या, 'मी हे सहा आठवडे घेते आहे' असं स्पष्ट सांगा. लाजू नका. साखर आणि बीपी तिथल्या तिथे बघून घ्या. त्या आधी किंवा नंतर कधीही भोवळ आली, उलट्या थांबेनात, तर थेट मोठ्या दवाखान्यात, आणि तिथेही पुडीचं पहिलं सांगायचं.

एक मात्र आहे. ती पूड स्टेरॉइडचीच असेल आणि तिनं तुमची बोटं मोकळी झाली असतील, तर आत कुठेतरी दाह आहे असा तो इशारा आहे. पुरावा म्हणणार नाही, कारण स्टेरॉइडनं तसंही अंगात तरतरी येते. पण 'मनाचं आहे' म्हणणाऱ्यांपेक्षा ती पुडी खऱ्याच्या जास्त जवळ आहे, हे लिहिताना मलाच गंमत वाटते आहे.

आता तुमची पॉझिटिव्ह टेस्ट. तुम्ही बहुधा आयजीएम तपासलंत. ही टेस्ट विषाणू शोधत नाही. विषाणूला ओळखून आपल्या शरीरानं बनवलेले प्रतिद्रव्य, म्हणजे अँटिबॉडी, शोधते. आयजीएम हे त्यातलं पहिल्या फळीचं प्रतिद्रव्य. आजाराच्या चौथ्या-पाचव्या दिवसापासून ते दिसायला लागतं आणि पुढे कित्येक महिने रक्तात रेंगाळतं. पाचव्या महिन्यात ते सापडलं याचा अर्थ एवढाच की सप्टेंबरात तुम्हाला झाला तो चिकुनगुनियाच होता. रक्तातला खुद्द विषाणू साधारण पहिल्या आठवडाभरातच संपतो, त्याला शोधणारी पीसीआर टेस्टही त्याच दिवसांत कामाची. तेव्हा त्या सोसायटीतल्या बाईंना सांगा: चिकुनगुनिया पोळीतून, स्पर्शातून, शिंकेतून जात नाही. त्याला एडिस डास लागतो, दिवसाढवळ्या चावणारा, आणि तोही तुमच्या पहिल्या आठवड्यातल्या रक्तासाठी. आज तुम्हाला शंभर डास चावले तरी त्यांच्या पदरात काही पडायचं नाही. उलट एकदा होऊन गेला की पुन्हा होण्याची शक्यता फार कमी, कारण पुढच्या फळीची प्रतिद्रव्यं वर्षानुवर्षं टिकतात. बाईंच्या कुंडीखालच्या ताटलीत साठलेलं पाणी तुमच्या पोळीपेक्षा धोक्याचं आहे. (हे शेवटचं वाक्य सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा.)

मग दुखतंय का?

तुम्ही रोज तवा हाताळता, म्हणून त्याच्यावरच सांगते. शेवटची पोळी उतरवून गॅस बंद केला तरी तवा लगेच गार होत नाही. बिडाचा असेल तर बराच वेळ तापलेला राहतो, आणि त्यावर विसरलेली पोळी आच नसतानाही करपते. तुमच्या सांध्यांत विषाणूची आच केव्हाच बंद झाली. तवा तापवला होता तुमच्याच शरीरानं, आणि तो उतरायचा राहिला आहे.

सप्टेंबरात काय घडलं ते बघू. डास चावला, विषाणू आधी कातडीत वाढला, मग रक्तात उतरला, आणि तिथून स्नायू आणि सांध्यांच्या अस्तरात गेला. सांध्याला आतून एक मऊ अस्तर असतं, तेच वंगणाचं पाणी सोडतं. तिथल्या पेशींनी धोका ओळखून इंटरफेरॉन सोडलं. ते विषाणूची वाढ रोखतं, आणि त्या पाच दिवसांतला तुमचा तो भयंकर ताप, अंग मोडून येणं, यात त्याचा मोठा हात. त्याच वेळी अस्तरानं रक्तातल्या भक्षक पेशींना सांगावा धाडला. हे सांगावे म्हणजे रसायनंच असतात, त्यातली इंटरल्यूकिन-6 आणि एमसीपी-1 ही नावं तुम्हाला कुठल्या रिपोर्टात भेटली तर दचकू नका. भक्षक पेशी झुंडीनं आल्या, मागोमाग टी-पेशी (प्रतिकारशक्तीच्याच दुसऱ्या सैनिक पेशी) आल्या, अस्तर सुजलं, पाणी वाढलं. हे सगळं गरजेचं होतं. त्याशिवाय विषाणू गेला नसता.

उंदरांवरचा एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. ज्या उंदरांमध्ये सीडी-4 नावाच्या टी-पेशी नव्हत्या, त्यांना चिकुनगुनियाचा विषाणू टोचला. विषाणू त्यांच्यातही वाढला, पण पाय इतर उंदरांइतके सुजले नाहीत. म्हणजे सूज विषाणूच्या हातून येते त्यापेक्षा जास्त ती आपल्याच पेशींच्या हातून येते. माणूस उंदीर नव्हे, हे मान्य. तरी हा धागा पुढे माणसांतही सापडत गेला आहे: महिनोन्‌महिने दुखणाऱ्या रुग्णांच्या रक्तात तीच दाहाची रसायनं चढलेली दिसतात.

बहुतेकांमध्ये विषाणू संपला की या पेशी आपापल्या वाटेनं जातात आणि तवा गार होतो. काहींमध्ये का होत नाही, यावर शास्त्रज्ञांमध्ये दोन तट आहेत. एक म्हणतो, कुठेतरी मंद आच शिल्लक आहे. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर 2005-06 मध्ये या तापानं जवळजवळ एक तृतीयांश लोकसंख्या आडवी केली होती. तिथल्या एका रुग्णाच्या सांध्याच्या अस्तराचा तुकडा दीड वर्षानं तपासला, तर भक्षक पेशींमध्ये विषाणूचे अवशेष सापडले. अवशेष म्हणजे जिवंत, वाढणारा विषाणू असं नाही. पण पेशींना चिथावायला तेवढं पुरत असावं. दुसरा तट कोलंबियाचा दाखला देतो. तिथे साधारण 22 महिने सांधे सुजलेल्या 38 रुग्णांच्या सांध्यांतलं पाणी काढून तपासलं. विषाणूचा मागमूस नव्हता. म्हणजे आच नाही, नुसता तवाच. माझं मत विचाराल तर दोन्ही खरं असू शकतं. एकानं अस्तर पाहिलं, दुसऱ्यानं पाणी. पिठाच्या डब्यात किडे आहेत का हे डब्याभोवतीची फरशी बघून ठरत नाही. आणि दोन माणसांत कारणं वेगळी असायला काय हरकत आहे?

यावरून तुमच्या दुसऱ्या समजुतीकडे येते, आणि ही समजूत एकट्या तुमची नाही. कोविडच्या दिवसांपासून 'प्रतिकारशक्ती वाढवा' हा आपल्याकडे मंत्रच झाला आहे. चहा, बिस्किटं, मसाले, सगळ्यांवर तेच छापलेलं. तुमच्या बाबतीत मात्र प्रतिकारशक्ती कमी पडल्याचं कुठलंच चिन्ह नाही. ती जोरात लढली आणि लढाई संपल्यावर माघारी फिरायची राहिली. तापलेल्या तव्याखाली आच वाढवून काय मिळणार?

गुळवेलीबद्दल थोडं थांबून लिहिते, कारण आयुर्वेदाला नावं ठेवण्याचा माझा हेतू नाही. मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी 2021 मध्ये गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांच्या यकृताला सूज आली होती, आणि ती प्रतिकारशक्तीनंच यकृतावर हल्ला केल्यासारखी होती. आयुष मंत्रालयाला तो निष्कर्ष पटला नाही, त्यांनी तसं जाहीरही केलं. हा वाद मी इथे सोडवणार नाही. पण जिची प्रतिकारयंत्रणा आधीच तापलेली आहे, आणि जिला पुढे कदाचित यकृतावर ताण देणारी औषधं लागणार आहेत, तिनं दोन वेळा काढा घेत राहू नये, एवढं मी नक्की म्हणेन. काढा बंद करा. तो एकदम बंद करायला हरकत नाही.

'वयाचं आहे' यावरून मला माझं वय आठवलं. 2006 मध्ये मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी नवीनच दवाखाना टाकला होता. त्या वर्षी देशभरात जवळजवळ 14 लाख संशयित रुग्णांची नोंद झाली. त्याआधी 1973 मध्ये आमच्याच जिल्ह्यातल्या बार्शीत या तापाची साथ येऊन गेली होती, पण मधल्या 32 वर्षांत तो देशातून जणू गायबच झाला होता. त्यामुळे आमच्या पिढीच्या डॉक्टरांनी तो फक्त पुस्तकात पाहिलेला. गावात निम्मी माणसं भिंत धरून चालत होती. नावात 'चिकन' ऐकून लोकांनी कोंबडी खायची सोडली. हे नाव खरं तर आजच्या टांझानियातल्या माकोंडे भाषेतलं, 1952-53 च्या तिथल्या साथीतून आलेलं, अर्थ 'वाकवून टाकणारा'. मी सगळ्यांना पॅरासिटामॉल देत होते आणि सांगत होते, आठवड्यात बरं वाटेल.

पोळ्याच्या सुमाराला एक शेतकरी बाई आल्या. ताप जाऊन दोन महिने झाले होते. म्हणाल्या, 'बाई, धार काढता येत न्हाई. आचळ धरलं की बोटांत सुया. वासराची चैन झालीय, समदं दूध त्योच पितो.' मी हसले. बोटं दाबून बघितली, सूज दिसली नाही, म्हणाले, अशक्तपणा आहे, टॉनिक लिहून देते. त्या दुपारी आल्या होत्या. सकाळी सहाला, गोठ्यात, त्यांची बोटं कशी दिसतात हे विचारायचं मला सुचलं नाही. तुमच्या डॉक्टरांनी तुम्हाला जे सांगितलं तेच मीही कितीतरी जणांना सांगितलेलं आहे, म्हणून त्यांच्यावर फार तोंडसुख घेता येत नाही. त्याच जिल्ह्यातल्या एका गावात पुढे पुण्याच्या संधिवाततज्ज्ञांनी दोन वर्षं रुग्णांचा माग ठेवला. बहुतेकांचं दुखणं हळूहळू सरलं, दीर्घकाळ सांधे धरून राहिलेले थोडे निघाले. रुग्णालयांतल्या पाहण्यांत हेच प्रमाण बरंच मोठं दिसतं, आणि ते साहजिक आहे, कारण दवाखान्यात ज्याचं दुखतं तोच येतो. चाळिशी ओलांडलेले, बायका, पहिल्याच आठवड्यात ज्यांचे सांधे फार दुखले, आधीच मधुमेह किंवा संधिवात असलेले, यांच्यात ते लांबण्याची शक्यता जास्त. यातल्या दोन गोष्टी तुम्हाला पत्रातच लागू होतात.

म्हणून डॉक्टरांकडे जाताना पुरावा घेऊन जा. उद्या सकाळी उठल्या उठल्या, चहाच्याही आधी, दोन्ही हातांचा मोबाइलवर फोटो काढा. मूठ वळवायचा प्रयत्न करतानाचा एक व्हिडिओ. घड्याळ लावून लिहून ठेवा: किती वाजता उठले, किती वाजता बोटं सैल झाली. आठवडाभर. सकाळचा ताठरपणा अर्धा-पाऊण तासाच्या वर रेंगाळत असेल तर तो दाहाकडे बोट दाखवतो, आणि तुमचा तर दहा वाजेपर्यंत चालतो. संध्याकाळच्या ओपीडीत तुमची बोटं अगदी शहाण्यासारखी वागणार, आणि तुम्ही पुन्हा 'नॉर्मल' म्हणून घरी येणार. दोन्ही हातांची बोटांच्या मुळांची पेरं कुणाला तरी हलक्या हातानं एकत्र दाबायला सांगा, हस्तांदोलन करतात तशी. त्यानं डोळ्यांत पाणी आलं तर तेही लिहा. पुड्या चालू असतील तोवर हे सगळं थोडं झाकलेलं राहील, तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

जायचं ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे, म्हणजे संधिवाततज्ज्ञांकडे. हाडांच्या डॉक्टरांकडे नव्हे, हा फरक आपल्याकडे नेहमी चुकतो. तीन महिन्यांच्या पुढे गेलेलं चिकुनगुनियाचं सांधेदुखणं हे त्यांचं काम आहे. सीआरपी ही रक्तातून दाहाचा अंदाज देणारी तपासणी, पण ती नॉर्मल असणं हे काही अभयपत्र नाही, या आजारात लांबलेल्या दुखण्यात ते पुष्कळदा नॉर्मल किंवा जेमतेम वर असतं. आरए फॅक्टर, म्हणजे आमवाताची नेहमीची रक्ततपासणी, निगेटिव्ह आहे हे चांगलंच, पण बरोबर अँटी-सीसीपी ही आमवाताचीच दुसरी तपासणी करून घेतात, कारण कधीकधी आतच दबा धरून बसलेला खरा आमवात या तापाच्या निमित्तानं बाहेर पडतो, आणि त्याचे उपचार लांबवायचे नसतात. सांध्यांची सोनोग्राफी केली तर हातानं न लागणारी सूज दिसू शकते. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-12, डी जीवनसत्त्व हेही बघतील, कारण 46 व्या वर्षी एकाच दुखण्याला दोन-तीन बाजूंनी फोडणी बसलेली असते. एक प्रश्न मी तुम्हाला विचारते: रात्री अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येऊन जाग येते का? मनगटातल्या कंडरांभोवती सूज आली की शेजारची नस दाबली जाते, चिकुनगुनियानंतर हे बरंच दिसतं, आणि लाटणं फिरवणाऱ्या हातात तर त्याची शंका आधी घ्यावी. येत असेल तर आपणहून सांगा. त्यावर रात्री मनगटाला पट्टा बांधण्यासारखा साधा उपाय आहे.

औषधांचं ते ठरवतील, मी डोस लिहिणार नाही. फक्त नावं ऐकून घाबरू नये म्हणून सांगते. सुजेवरची वेदनाशामकं देतील, त्यांनी पोट आणि मूत्रपिंड बिघडू शकतं, म्हणून मेडिकलमधून परस्पर आणून खात बसू नका. थोडे दिवस मोजून-मापून स्टेरॉइड देतील, किंवा आधी तुमचं पुडीतलं उतरवत नेतील. आणि दाह पक्का मुरलेला दिसला तर मेथोट्रेक्सेट काढतील. इंटरनेटवर ते कॅन्सरचं औषध म्हणून दिसेल. संधिवातात ते फार कमी मात्रेत देतात, आणि त्याचं काम नेमकं तुम्हाला हवं तेच आहे: तापलेल्या पेशींना उतरवणं. केरळात कालिकतला केलेल्या एका चाचणीत तीन औषधं एकत्र, त्यात मेथोट्रेक्सेट, दिलेल्या रुग्णांना नुसतं हायड्रॉक्सिक्लोरोक्विन (संधिवातातही देतात ते मलेरियाचं जुनं औषध) घेणाऱ्यांपेक्षा जास्त आराम पडला होता. चाचणी छोटी होती, 72 जणांची. एकच धोक्याची सूचना मोठ्यानं: मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. रोज नाही. चुकून रोज घेतल्यानं माणसं दगावली आहेत. वार ठरवा, कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी खूण करा. सुरू करण्याआधी रक्त, यकृत, कावीळ आणि क्षयाची तपासणी होईल, ती टाळू नका.

पुढच्या गोष्टी मात्र महिन्या-दोन महिन्यांची वाट न बघता लगेच दाखवायच्या: एकच सांधा लालबुंद, गरम आणि सोबत ताप, पायांतली ताकद जाणं, डोळा लाल होऊन धूसर दिसणं. हा विषाणू डोळ्यालाही मागाहून त्रास देतो.

आता कामाचं. विश्रांती घ्या, असं मी दीडशे पोळ्यांवर घर चालवणाऱ्या बाईला सांगणार नाही. पण कणीक तिंबणं आजपासून बंद. तो जोर बोटांच्या मुळाशी आणि अंगठ्यावर येतो, आणि नेमके तेच सांधे तापलेले आहेत. तिंबण्याचं मशीन हप्त्यावर घ्या, किंवा घरच्यांपैकी ज्यांना 'आता काय?' असा प्रश्न पडतो त्यांच्यापुढे परात ठेवा. लाटण्याच्या दोन्ही मुठींवर जुन्या सुती साडीची पट्टी गुंडाळून त्या जाड करा, बारीक मूठ धरायला बोटं जास्त आवळावी लागतात. सकाळी उठल्यावर पातेल्यात सोसेल इतक्या कोमट पाण्यात हात दहा मिनिटं बुडवून आतल्या आत मूठ उघडा-मिटा, मगच दुधाची पिशवी. टाचेसाठी पलंगाशेजारी मऊ चपला, फरशीवर अनवाणी पहिलं पाऊल नको, आणि ओट्याशी उभं राहताना पायाखाली जाड पायपुसणं. चांगल्या दिवशी जोशात येऊन दोनशे पोळ्या लाटू नका. या दुखण्यात चांगल्या दिवसाची वसुली पुढच्या तीन दिवसांत होते, हे तुम्हाला एव्हाना कळलं असेल. शंभरवर थांबा, चाळीस झाल्या की बसा.

मनाचं आहे का, हा तुमचा प्रश्न मी टाळलेला नाही. पाच महिने रोज पहाटे दुखून उठणाऱ्या बाईचं मन प्रसन्न कसं असेल? तेच इंटरल्यूकिन-6 झोपही बिघडवतं आणि थकवाही आणतं, झोप बिघडली की मेंदू दुखण्याचा आवाज वाढवून ऐकतो, आणि मग लहान कळ मोठी लागते. मन यात ओढलं जातं हे खरं, पण सुरुवात त्यानं केलेली नाही. घरच्यांना हा मजकूर वाचायला द्या. कोविडनंतर वर्षवर्ष थकवा, धाप घेऊन फिरणारे लोक त्यांनी पाहिले असतील. तिथेही संशोधक हेच शोधत आहेत, अवशेष की न शमलेला दाह. त्यांनाही रिपोर्ट 'नॉर्मल'च मिळत होते.

वेळ किती लागेल? बहुतेकांचं सहा महिने ते वर्ष-दीड वर्षात ओसरतं. काहींचं त्याहून लांबतं. पाचव्या महिन्यात योग्य डॉक्टरांकडे पोचलात तर उशीर झालेला नाही.

आणि ता. क. चं उत्तर. काहीच बंद करू नका. वांगं, दही, चिंच, हरभऱ्याची डाळ यांचा तुमच्या सांध्यांतल्या या भांडणाशी संबंध नाही. खाऊन एखादी गोष्ट खरंच बाधते असं दोन-तीनदा दिसलं तर ती तेवढी सोडा. नाहीतर पुड्यांनी हाडांतून आणि पथ्यानं ताटातून, असं दोन्हीकडून कॅल्शियम आणि प्रथिनं जायची. दही तर रोज खा. येत्या रविवारी भरली वांगी करा, फक्त वांग्यांना चिरा द्यायचं आणि खोबरं किसायचं काम नणंदबाईंना सांगा.